कार्यकर्त्यांची पुस्तके : शब्द कोणाचे?

प्रास्ताविक

समाजकार्यात आयुष्य वेचलेल्या व्यक्तींनी लिहिलेल्या पुस्तकांची मराठीत समृद्ध परंपरा आहे. साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’, डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’, डॉ. राणी बंग यांची ‘गोईण’ व ‘कानोसा’ ही त्यांतील परिचित नावे. अशा पुस्तकांना आपण ‘प्रेरणादायी’ म्हणतो. परंतु तेवढ्याने वाङ्मयीन विचार पूर्ण होत नाही. ज्यांच्यासाठी कार्य झाले त्यांची भाषा पुस्तकात कितपत आली आहे, हा निकष प्रस्तुत पाठात आपण वापरून पाहणार आहोत.

भाषा शिकणारा निवेदक

आत्मकथनाचा केंद्रबिंदू ‘मी’ असतो. कार्यकर्त्याच्या आत्मकथनात हा ‘मी’ इतरांना झाकून टाकण्याचा धोका संभवतो. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना प्रथम माडिया भाषा शिकावी लागली. रुग्णाचे दुखणे रुग्णाच्याच शब्दांत समजणे ही उपचाराची पहिली पायरी होती. येथे ‘मी’ दाता नसून विद्यार्थी आहे.

ऐकण्याचे शास्त्र

‘गोईण’ म्हणजे गडचिरोलीकडील बोलीत मैत्रीण. झाडांशी असलेले स्त्रियांचे नाते सांगणाऱ्या पुस्तकाला लेखिकेने त्याच बोलीतला शब्द दिला. ‘कानोसा’ हे शीर्षकही अर्थपूर्ण आहे. कानोसा घ्यावा लागतो तो अस्पष्ट आवाजाचा. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यातून दिसले. दुखणे व्यापक होते. ते ऐकून घेणारे मात्र कोणी नव्हते.

बीडचे तीन शब्द

आता हाच निकष आपल्या परिसराला लावू. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो लोक ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांच्या व्यवहारातील तीन शब्द पाहा.

‘कोयता’ : मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. येथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. साधनाच्या नावाने माणसे मोजण्याची ही लक्षणा आहे.

‘खाडा’ : कामावरची गैरहजेरी. खाड्याचे पैसे कापले जातात. म्हणून पाळीच्या दिवसांतही स्त्रीला विसावा घेणे परवडत नाही.

‘पिशवी’ : गर्भाशय. ‘पिशवी काढली’ असे बायका सहज सांगतात. पिशवी म्हणजे रिकामी झाली की टाकून देता येणारी वस्तू. शरीराच्या अवयवाला मिळालेले हे नाव शस्त्रक्रियेचे गांभीर्य हलके करते.

२०१९ मध्ये समोर आलेल्या शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आकडा प्रश्नाची व्याप्ती सांगतो. खाडा टाळण्यासाठी पिशवी काढावी, असे एखाद्या स्त्रीला का वाटले असेल, हे मात्र तिच्या शब्दांतूनच कळू शकते. शब्द बदलून प्रश्न सुटत नाही, हे खरे. पण शब्द न ऐकता केलेला उपायही बहुधा वरवरचाच ठरतो.

सारांश

कार्यकर्त्याच्या त्यागाने वाचक भारावतो. पण भारावणे फार काळ टिकत नाही. ज्या पुस्तकात लेखकाने दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे जपलेले असतात, ते आपल्याला आपल्याच गावातले शब्द ऐकायला शिकवते. त्याची प्रेरणा टिकाऊ असते. तुमच्यापैकी काहींच्या घरी कोयता आहे. त्या घरांतील शब्दांचे पहिले जाणकार तुम्हीच आहात.

स्वाध्याय

१. ‘कोयता’ या शब्दातील लक्षणा स्पष्ट करा.
२. ‘कानोसा’ या शीर्षकाची अर्थपूर्णता विशद करा.
३. क्षेत्रीय कार्य : ऊसतोडीशी संबंधित दहा शब्द, सांगणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने, तिच्याच वाक्यांसह नोंदवा. वाक्य प्रमाणभाषेत बदलू नका.