दानात आलेला संगणक: घेण्याआधी काय बघायचं?

"ताई, कंपनीतले जुने संगणक पडून आहेत, तुमच्या संघाला देतो," असं कोणी म्हटलं तर आनंदच होतो. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. पण संगणकाचे मोजायलाच हवेत. कारण त्यात गावोगावच्या बायांच्या बचतीचा आणि कर्जाचा हिशोब राहणार आहे.

दान कुठून येतं?
सामाजिक संस्थांना दानातलं सॉफ्टवेअर आणि संगणक मिळवून देणारी टेकसूप ही जगभर काम करणारी संस्था आहे. ती १९८७ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला सुरू झाली. सुरुवातीचं नाव कॉम्प्युमेंटर. तेव्हा तिचं काम होतं संगणक जाणणारा माणूस संस्थेशी जोडून देणं. म्हणजे आधी शिकवणारा माणूस आला, वस्तू नंतर आल्या. भारतात नॅसकॉम फाउंडेशनने तिच्यासोबत हे काम केलं.

कोणाला मिळतं?
असं दान नोंदणीकृत संस्थेला मिळतं, एकट्या बाईला नाही. बहुतेक बचत गटांची अशी नोंदणी नसते. म्हणून अर्ज नोंदणी असलेल्या संघाने करायचा. नोंदणीचे कागद तयार ठेवा. थोडं शुल्क भरावं लागू शकतं. मिळालेलं सॉफ्टवेअर विकता येत नाही, दुसऱ्याला देताही येत नाही.

जामखेडचा धडा
आपल्याच जिल्ह्यात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्याचं काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्या नेमाने जामखेडला येऊन शिकत राहिल्या आणि गावात जाऊन काम करत राहिल्या. संगणकाचंही तसंच आहे. शिकवणारं कोणी नसेल, तर तो टेबलावर धूळ खात पडतो.

हो म्हणण्याआधी विचारा
१. शिकवणार कोण? किमान दोघींना शिकवा. एकीचं लग्न झालं किंवा काम सुटलं, तर हिशोब अडकायला नको.
२. बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार?
३. त्यात काय चालतं? 'विंडोज १०'चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यावर चालणारा जुना संगणक हिशोबासाठी धोक्याचा.
४. पासवर्ड कोणाकडे राहणार? तो संघाचा आहे, एका माणसाचा नाही.
५. हिशोबाची दुसरी प्रत कुठे ठेवणार? वही बंद करू नका.

दान घेताना बैठकीत ठराव करा, इतिवृत्तात लिहा आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करा. उत्तरं मिळाली नाहीत, तर "सध्या नको" म्हणायला लाजू नका.

बैठकीत चर्चा करा: आपल्या संघात आज कोणत्या दोन ताई हे काम शिकायला तयार आहेत?