पाटी आधी, तिकिटं नंतर

तुझा मेसेज काल रात्री वाचला. नोव्हेंबरअखेर जपान, तुम्ही चौघं आणि सासूबाई, आणि सगळ्यात शेवटी घाबरत घाबरत विचारलेलं, ‘ताई, पंधरा दिवस दवाखाना बंद ठेवला तर पेशंट तुटतील का गं?’ फोनवर हे नीट बोलणं होत नाही, तुझ्यामागे सारखं कुणीतरी ‘मॅडम, मॅडम’ करत असतं. म्हणून सावकाश लिहितेय. जावईबुवांनाही वाचायला दे, पण आधी तू वाच.

जा, हे पहिलं सांगून टाकते. नवरा-बायको एकाच दवाखान्यात असले की दोघांना मिळून सुटी कधीच मिळत नाही. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू, असं करता करता मुलं बारावीला येतात आणि मग बारावी आहे म्हणून नको. असे डॉक्टर इथे साताऱ्यात मी ढिगाने पाहिलेत. साठीला पोहोचल्यावर गुडघे धरून स्वित्झर्लंड बघतात.

महिना तू अगदी बरोबर निवडलास. पण बहुधा तिकीट स्वस्त दिसलं म्हणून निवडलास, नाही का? दवाखान्याने सुटी घ्यायची तर कॅलेंडर शाळेचं नाही, आजारांचं बघावं. तुझ्या कोकणातल्या बांद्याकडे ते कॅलेंडर आमच्यापेक्षाही अवघड. जूनला भातलावणी सुरू झाली की लेप्टोस्पायरोसिस, आपला लेप्टो. शेतात अनवाणी उभी राहिलेली माणसं, भेगा पडलेल्या टाचा, आणि पाण्यात उंदरांचं मूत. मग गॅस्ट्रो आणि कावीळ. भाद्रपदात मुंबईचे चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा घरटी माणसं दुप्पट होतात, आणि कोण कुठला ताप घेऊन आलाय याचा पत्ता लागत नाही. त्याच सुमारास डेंग्यू चढतो, तो दिवाळीपर्यंत उतरत नाही. आणि जानेवारी उजाडला की काजूच्या बागा आणि माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला तो आजार २०१६ मध्ये दोडामार्गात आला, त्यानंतर तुमच्याकडे जानेवारी ते मे हा काळ मोकळा राहिलेला नाही. शाळांना सुटी मेमध्ये, टूरवाल्यांच्या जाहिराती मेच्या, आणि माकडताप पसरवणाऱ्या गोचिडीसुद्धा मेपर्यंत. तेव्हा तुला खरी उसंत मिळते ती कार्तिकी झाल्यावर, नाताळच्या गर्दीआधी. क्योतोचे मेपल लाल होतात तेही नेमके नोव्हेंबरअखेरीस. योग जुळलाय, सोडू नकोस.

आता पेशंट तुटण्याचं. दवाखाना बंद असतो म्हणून पेशंट तुटत नाही गं. दोन रिक्षा बदलून, तापलेलं मूल खांद्यावर टाकून आल्यावर शटरला कुलूप दिसतं, तेव्हा तो तुटतो. आपल्याकडे पाटी लागते ती आदल्या संध्याकाळी, केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर, स्केचपेनने: ‘काही अपरिहार्य कारणास्तव दवाखाना बंद राहील.’ किती दिवस, ते नाही. तोवर कुठे जायचं, तेही नाही.

क्योतोला जाशील तेव्हा गल्लीबोळातल्या छोट्या दवाखान्यांच्या दारावरची पाटी मुद्दाम बघ. मंदिरं सगळेच बघतात. दारावर एक तक्ता असतो. आडवे वार, उभी सकाळ आणि दुपार. उघडं असेल तिथे गोल, बंद असेल तिथे तिरपी रेघ. आम्ही गेलो होतो तेव्हा जपानी येत नसलं तरी मला तो वाचता आला. कितीतरी दवाखाने आठवड्यातल्या एखाद्या दुपारी ठरवून बंद असतात, आणि ऑगस्टमधल्या ओबोनच्या आणि नव्या वर्षाच्या सुट्यांची सूचना आधीच लागलेली असते. डॉक्टरने सुटी घेतली म्हणून तिथे कुणाला नवल वाटत नाही. तुझे भावोजी त्या पाटीचा फोटो काढत उभे राहिले आणि मुलं लाजून पुढे निघून गेली. पण परत आल्यावर आम्ही आमच्या दवाखान्यावर तसाच तक्ता करून लावला. ज्यांना वाचता येत नाही अशा आज्यासुद्धा गोल आणि रेघ बघून जातात.

तुझी पाटी दसऱ्याच्या आत लागली पाहिजे. मोठ्या अक्षरात, तारखांसकट. खाली तीन गोष्टी लिही: त्या दिवसांत कुणाकडे जायचं, त्या डॉक्टरांची वेळ, आणि रात्री-अपरात्री १०८. सावंतवाडीचं उपजिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज सगळ्यांना माहीत असतं, तरी लिही. घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही. बीपी-शुगरच्या पेशंटना नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बोलावून तपासून घे, गोळ्या संपत आल्यात का बघ, महिन्याची चिठ्ठी दे. आणि तुझ्या कंपाउंडरकाकांना प्रेमाने पण स्पष्ट सांग: मॅडम नाहीत तेव्हा कुणालाही ‘तेवढी दोन दिवसांची पुडी’ द्यायची नाही. काका तुझ्यापेक्षा जुने आहेत, पेशंट त्यांचं ऐकतात, म्हणूनच सांगतेय. त्या दिवसांत काकांनाही भरपगारी सुटी देऊन टाक.

बदली डॉक्टर बांद्यात मिळणं कठीण, ठाऊक आहे मला. मिळालाच तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू आहे का ते बघितल्याशिवाय खुर्ची देऊ नकोस. त्याहून सोपा उपाय म्हणजे शेजारच्या डॉक्टरांशी बोलणं. आपण सगळे एकमेकांकडे स्पर्धक म्हणून बघतो आणि मग लग्नात जेवायच्या पंगतीला शेजारी बसून गप्प राहतो. जाऊन भेट. ‘नोव्हेंबरात तुम्ही माझे पेशंट बघा, मेमध्ये मी तुमचे बघते,’ एवढं म्हटलं की पुरतं. त्यांनाही मुलं आहेत, त्यांनाही कुठेतरी जायचंच असतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती निघायच्या आधीच्या आठवड्याची. डेंग्यूत ताप असतो तोवर घरचे जागे असतात. खरा धोका येतो तो ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप उतरला म्हणून पोराला शाळेत पाठवतात आणि त्याच दिवशी पोटात दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडतात. तू मंगळवारी पाहिलेला ताप शनिवारी बिघडेल, आणि शनिवारी तू विमानात असशील. म्हणून त्या आठवड्यातल्या प्रत्येक तापाच्या पेशंटचं नाव, तापाचा कितवा दिवस, प्लेटलेट, फोन, हे सगळं एका वहीत लिहून शेजारच्या डॉक्टरांच्या हातात दे. हातात म्हणजे हातात, नुसतं व्हॉट्सॲपवर नको. आणि त्या पेशंटना धोक्याची लक्षणं तोंडाने सांग, परत त्यांच्याकडून वदवून घे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असं काही मेडिकलमधून परस्पर आणून घ्यायचं नाही हेही बजाव. पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत असा कुणी असेल तर लेप्टोचा विचार तू करशीलच, ते मी तुला शिकवायला नको.

तिथे गेल्यावर मात्र फोनवर ओपीडी चालवू नकोस. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. बांद्यात संध्याकाळचे सहा वाजले की तिथे साडेनऊ. मुलांना झोपवून तू पुरळांचे अंधारे फोटो बघत बसशील आणि जावईबुवा तोंड पाडून बसतील. टेलिमेडिसिनची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही भारताच्या हद्दीबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. न पाहता, परदेशातून, अर्धवट माहितीवर दिलेला सल्ला पेशंटच्या भल्याचा नसतोच. दवाखान्याचा फोन शेजारच्या डॉक्टरांकडे वळवून ठेव.

बारीकसारीक गोष्टीही राहून जातात. लशींच्या फ्रीजला २ ते ८ अंश लागतात आणि तुमच्याकडची वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. उरलेल्या लशी बर्फाच्या पेटीतून शेजाऱ्यांकडे पोहोचव, बंद दवाखान्यात ठेवू नकोस. वापरलेल्या बोळ्यांचा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नसतो, तेव्हा शेवटच्या दिवशी गाडी बोलावून पिशव्या रिकाम्या करून घे.

आणि कुठे जाताय ते लपवू नकोस. तुझ्या सासूबाई म्हणतील, ‘गावी गेलेत म्हणून सांग, उगाच दृष्ट लागते.’ कुणी कुत्सितपणे म्हणेलही, आमच्या पैशांवर विमानं उडवतात. म्हणू दे. खोटं सांगितलंस तर चार दिवसांत मुलांच्या फोटोंवरून गावभर कळेल, आणि मग औषधाबद्दल सांगितलेलंही खरं वाटणार नाही. ‘आम्ही सगळे जपानला चाललोय, अमुक तारखेला परत,’ असं सांगितलं की बहुतेकांना आनंदच होतो. आमच्याकडची भाजीवाली मावशी तर वर्षभर विचारत होती, तिथे भात कसला खातात म्हणून.

सासूबाईंना नेते आहेस ते फार छान करतेस. त्यांचे सोमवार-गुरुवार जपानात अवघड जातील, कारण तिथल्या साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही वाळवलेल्या माशाचं सत्त्व असतं. त्यांच्यासाठी एक रात्र कोयासानला काढा. ओसाकाहून रेल्वे, शेवटी केबल कार. डोंगरावरचं देवळांचं गाव आहे. कुकाई या बौद्ध आचार्यांनी ८१६ मध्ये वसवलेलं. तिथल्या मठांत राहता येतं, आणि जेवण पूर्ण शाकाहारी असतं, कांदा-लसूणही नसतो. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. इतक्या लांब आपलं माणूस उभं बघून तुझे भावोजी बराच वेळ तिथून हलले नाहीत. थंडी मात्र कडाक्याची, सासूबाईंना दोन स्वेटर घाल.

त्यांच्या गोळ्या केबिन बॅगेत घे, सामानात टाकू नकोस. मूळ पाकिटात, जेनेरिक नावं लिहिलेल्या तुझ्या चिठ्ठीसकट. जपानात एका महिन्यापर्यंतची नेहमीची औषधं चालतात, त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी लागते. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं उलटून वाच. स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असलेली गोळी तिथे आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाही, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी.

हे वाचताना तुला वाटेल, इतकं आपल्यालाच माहीत नव्हतं तर पेशंटना कुठून असणार. तेच तर! तुझ्या गावातली अर्धी घरं आखातात नाहीतर अमेरिकेत पोरं असलेली. दिवाळीआधी दवाखान्याच्या फळ्यावर डेंग्यूच्या शेजारी हेही लिही: दुबईला फराळ पाठवताय तर अनारशांवर खसखस नको, तिथे ती बंदी असलेली वस्तू आहे. ट्रॅमाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी, ही तिथल्या सरकारच्या आगाऊ परवानगीशिवाय नेऊ नका. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आजी-आजोबांना सांग, डांग्या खोकल्याची टीडॅप लस बाळाला हातात घेण्याआधी निदान दोन आठवडे घेऊन ठेवा, तिथले बालरोगतज्ज्ञ हमखास विचारतात. आणि आफ्रिकेतल्या यलो फिव्हर असलेल्या देशांत सफारीला जाणाऱ्यांना त्याची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी लागते. ती न घेता केनियातून परत आलं तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. असा फळा वाचायला माणसं ताप नसतानाही डोकावतात.

मोपा विमानतळ तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे निघण्याची धावपळ नाही. आई म्हणतेय, त्या दिवसांत तुमच्या घरी येऊन राहते, कुत्र्याचं आणि तुळशीचं बघेन. तिला नाही म्हणू नकोस, तिचं मन केव्हाच बांद्याला पोहोचलंय.

सासूबाईंच्या सगळ्या गोळ्यांची यादी, ब्रँड नाही, आतली नावं पूर्ण लिहून, मला या रविवारपर्यंत पाठव.