शिळा साठा

रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचे बी जतन केलेले आहे. त्यांतील मोठा भाग डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७०च्या दशकात गोळा केला. साठविलेले बी कालांतराने उगवणशक्ती गमावते. म्हणून ते अधूनमधून पेरून नवे करून घ्यावे लागते. संगणकातील साठ्यालाही शिळेपण येते, परंतु त्याचे कारण निराळे आहे.

मोठी आज्ञावली इतरांनी रचलेल्या शेकडो लायब्रऱ्यांच्या आधारावर उभी असते. तिच्यात फेरफार झाला की स्वयंचलित यंत्रणा ती नव्याने बांधते व तपासते, हाच बिल्ड. प्रत्येक खेपेस साऱ्या लायब्रऱ्या दूरच्या भांडारातून आणणे वेळखाऊ होय. म्हणून एकदा आणलेल्या प्रती जवळ ठेवतात. या साठ्यास कॅश म्हणतात. त्यातील फाइल बियाप्रमाणे जीर्ण होत नाही. ती जशीच्या तशी राहते आणि भोवतालचे जग पुढे जाते.

ही अडचण जुनीच आहे. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात गेली. दोष दुरुस्त झालेला होता. दुरुस्त फाइल यंत्रभाषेत पुन्हा रूपांतरित करावयाची तेवढी राहिली होती! यावरून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन रचले. मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नंतरची असेल, तर ते तेवढाच भाग पुन्हा बांधते.

आजच्या यंत्रणा साठ्यावर खूणचिठ्ठी लावतात. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती हवी याची नोंद लॉक फाइलमध्ये असते. तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला हॅश खुणेत घालतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी हॅश बदलतो. मग जुना साठा जुळत नाही.

तथापि खुणेत जे घातले नाही, त्यातील बदल तिला कळत नाही. कंपायलरची आवृत्ती बदलली, पण ती खुणेत नसेल, तर जुन्या कंपायलरने घडविलेले भाग बिनबोभाट वापरले जातात. गिटहब ॲक्शन्समध्ये एका खुणेखाली ठेवलेला साठा पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून खुणेत आवृत्तीचा अंक घालून तो १ चा २ करतात. शिवाय ठराविक काळाने रिकाम्या साठ्यावरून बिल्ड करून पाहतात. तो फसला आणि साठ्यासह केलेला सफल झाला, तर प्रथम साठ्याची खूण तपासावी.