कंबरदुखी आणि धडाचे स्नायू

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करणारे महर्षी कर्वे येथील आश्रमाची वाट पायीच तुडवीत. अशा प्रत्येक पावलागणिक कण्याला सावरतात ते धडाचे स्नायू. निरोगी माणूस हात उचलतो, तेव्हा हात हलण्यापूर्वीच पोटाचा सर्वांत आतील आडवा स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा आवळतो, असे ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांना १९९६ मध्ये आढळले. वेदना थांबल्यावरही कण्यालगतचा स्नायू आपोआप पूर्ववत होतोच असे नाही, हेही त्याच वर्षी दिसून आले. घरोघरी मिळणारा अंथरूण धरण्याचा सल्ला म्हणूनच हितावह नव्हे. झेपेल तितके चालावे. व्यायाम तज्ज्ञांकडून शिकावा. मात्र पायातील जोर गेल्यास वा लघवी अडल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.