आधी तक्रार, मग खरेदी

नवा पीसी घ्यायचा की नाही, हे लॅमिंग्टन रोडवर दुकानात उभं राहून कधी ठरवू नकोस. तिथे दिव्यांनी झगमगणारी कॅबिनेटं मांडलेली असतात, दुकानदाराचं पोट विक्रीवर चालतं आणि आपलं मन आधीच वळलेलं असतं. हा निर्णय घरी घ्यायचा, आपल्या खुर्चीत बसून, आपला गेम चालू असताना. एक वही घे आणि आठवडाभर तक्रारी लिहून काढ. ‘पीसी जुना झाला’ ही तक्रार नाही, ती नुसती कुरकुर. ‘सायबरपंकमध्ये बाजारातल्या गर्दीत शिरलं की चित्र झटके देतं’ ही तक्रार. ‘मागे ब्राउझर आणि डिस्कॉर्ड चालू ठेवला की गेम अडकतो’ ही तक्रार. ‘गेम उघडायला चहा उकळेपर्यंत वेळ लागतो’ हीसुद्धा तक्रार. आता बघ, पहिलीचं मूळ बहुधा प्रोसेसरमध्ये आहे, दुसरीचं रॅममध्ये, तिसरीचं डिस्कमध्ये. नवा पीसी आणला तर तिन्ही जातील हे खरं, पण त्यातली जी तुला खरोखर छळते तेवढीच घालवायला खर्च फार कमी लागतो. आणि आठवडाभर वही कोरीच राहिली, तर तुला काहीच घ्यायची गरज नाही.

लिहून झालं की मोजायला लाग. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्याच्या जोडीचं रिव्हाट्यूनर बसवलं की खेळता खेळता पडद्याच्या कोपऱ्यात सगळे आकडे दिसतात. लोक एफपीएसची सरासरी बघून खूश होतात किंवा हळहळतात. तू ‘वन पर्सेंट लो’ बघ, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सच्या वेळी वेग किती होता ते. सरासरी 90 आणि हा आकडा 35, तर खेळताना तुला 35 चाच त्रास होणार. 60 एफपीएसला एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात, 144 ला सातहूनही कमी. त्यात मध्येच एखादी फ्रेम 50 मिलिसेकंद घेऊन आली की नेम चुकतो.

मग खरी परीक्षा. व्ही-सिंक आणि एफपीएसची मर्यादा बंद कर, नाहीतर निकाल खोटा येतो. ग्राफिक्स कार्डाचा वापर 95 टक्क्यांच्या वर टिकून असेल तर ते सगळं बळ लावतंय, अडसर तिथेच आहे. वापर 60-70 वर घुटमळतोय आणि एफपीएस तरीही कमी, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसलंय. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आण. एफपीएस भराभर चढला तर कार्ड कमी पडत होतं, जागचा हलला नाही तर प्रोसेसर. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 50 टक्केच वापरात दिसला म्हणून तो मोकळा आहे असं धरू नकोस. गेमचं मुख्य काम पुष्कळदा एकदोन कोअरवर अडलेलं असतं आणि बाकीचे कोअर रिकामे बसलेले असतात. महागडं कार्ड बसवूनही झटके जसेच्या तसे राहिलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत, आणि दर वेळी ही दहा मिनिटांची परीक्षा कुणी केलेली नसायची.

मॉनिटर बदलायचं मनात असेल तर तो या हिशेबात आधीच धर. 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख बिंदू असतात, 1440 वर 36.9 लाख आणि फोर-के वर 82.9 लाख. हा सगळा वाढीव भार कार्डावर पडतो, प्रोसेसरवर जवळजवळ नाहीच. त्यामुळे फोर-के मॉनिटर घेणाऱ्याने नव्या कार्डाचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत.

पैसे काढण्याआधी फुकटातली कामं उरकून घे. कॅबिनेट उघड, पंखे बोटाने धरून ठेव आणि ब्लोअरने धूळ काढ. चार-पाच वर्षं झालेल्या मशीनची थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती बदल. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. तिथे दुपारी खेळणाऱ्याचं कार्ड तापून आपला वेग आपणच उतरवतं आणि पोराला वाटतं कार्ड गेलं. कोकणात वेगळं दुखणं असतं, खारी दमट हवा रॅमचे पाय काळवंडून टाकते. रॅम काढून ते साध्या खोडरबराने हलकेच पुसले आणि परत बसवली की मशीन सुरळीत चालू झालेलं पुष्कळदा दिसतं. रॅमच्या दोन काड्या असतील तर त्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. शेजारी शेजारी लावल्या तर एकाच चॅनेलवर चालतात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू आहे का बघ, कारण 3200 ची रॅम 2133 वर रखडत असलेली घरोघरी सापडते. 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये 60 वरच राहिलेला नाही ना? मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावली आहेस ना? हे प्रश्न बाळबोध वाटतील, पण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

गेम अजून हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडी घे, त्याला दुसरा विचार नको. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दोनशे मेगाबाइट वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. पण खरा फरक लहान लहान फायली गोळा करण्यात पडतो आणि तिथे हार्ड डिस्क फारच मागे राहते. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या स्टारफील्डने एसएसडी किमान गरजेतच लिहिली, आणि त्याच महिन्यात सायबरपंकच्या 2.0 आवृत्तीनेही. रॅम 8 जीबी असेल तर 16 कर. 16 असेल आणि गेम चालू असताना 13-14 च भरत असेल तर 32 च्या मागे लागू नकोस.

सेटिंगकडे वळू. ‘अल्ट्रा’ या शब्दाचा मोह सोड. सावल्या, धुकं, प्रतिबिंबं एक पायरी खाली आण, चित्रात फरक शोधावा लागतो आणि वेग लगेच वाढतो. टेक्स्चर मात्र कार्डाच्या मेमरीत मावतात तोवर उंच ठेव, त्यांचा वेगावर भार नसतो. मेमरी भरून वाहायला लागली की झटके सुरू होतात. म्हणूनच नवं कार्ड घेताना 8 जीबीवर थांबू नये असं माझं ठाम मत आहे. अपस्केलिंग वापरायला संकोच करू नकोस. एनव्हिडियाने जानेवारी 2025 मध्ये डीएलएसएसचं नवं मॉडेल आणलं तेव्हा ते 2018 च्या आरटीएक्स 20 मालिकेलाही दिलं, म्हणजे सहा वर्षांहून जुन्या कार्डाचं चित्र एका दिवसात सुधारलं. आरटीएक्स नसलेल्यांना एएमडीचं एफएसआर आहे.

एवढं करूनही काही भिंती अशा येतात की तिथे सेटिंग कामाला येत नाही. डिसेंबर 2024 चा इंडियाना जोन्स आणि मे 2025 चा डूम: द डार्क एजेस हे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्डच मागतात, जीटीएक्सवर ते चालत नाहीत. जीटीएक्स 10 मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर 2025 नंतर थांबवलं, आता फक्त सुरक्षेपुरते येतात. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तुझा गेम अशा भिंतीपलीकडे असेल तर खर्च योग्यच आहे.

पण इथेच फसवणूकही होते, म्हणून नीट ऐक. विंडोज 11 वर व्हॅलोरंट टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट मागतो, बॅटलफील्ड 6 सुद्धा सिक्युअर बूट मागतो. संदेश आला की पोरं घाबरून दुकान गाठतात आणि ‘बोर्डच बदलावा लागेल’ हे ऐकून येतात. 2018 नंतरच्या बहुतेक मशीनमध्ये दोन्ही सोयी असतात, बायोसमध्ये नुसत्या बंद असतात. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर आधी ती जीपीटी करावी लागते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं साधन विंडोजमध्येच आहे. डेटाची दुसरी प्रत काढून ठेव आणि मगच हात लाव.

पूर्ण मशीन कधी बदलायचं? प्रोसेसर कमी पडतोय आणि त्याच बोर्डावर बसणारा वरचा प्रोसेसर शिल्लकच नाही, तेव्हा. म्हणून आपल्या बोर्डाचं सॉकेट काय आहे आणि त्यावर शेवटचा कोणता प्रोसेसर बसतो, हे कंपनीच्या यादीत बघून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. एएमडीच्या एएम4 ने या बाबतीत फार मोठं दान दिलं. 2017 मध्ये पहिले रायझन याच सॉकेटवर आले, 2022 चा 5800एक्स3डी त्यावरच बसला आणि बायोस अपडेट करून जुने बोर्डही नवे प्रोसेसर घेऊ लागले. आता सप्टेंबर 2022 पासून एएम5 आहे, तिथे डीडीआर5 रॅम लागते. म्हणजे बोर्ड बदलला की प्रोसेसर आणि रॅम दोन्ही आलेच. आणि सध्या रॅम हीच सगळ्यात बोचणारी वस्तू आहे. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवल्यामुळे 2025 च्या अखेरीपासून भाव चढले. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात हातात असलेली चालती रॅम सांभाळणं हा शहाणपणा आहे.

एसएमपीएसवर कधी पैसे वाचवू नकोस. तो घराच्या जोत्यासारखा आहे, दिसत नाही पण सगळं त्याच्यावर उभं असतं. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, नाव नसलेला एसएमपीएस जाताना बोर्ड आणि कार्ड घेऊन जातो. चांगल्यावर पाच ते दहा वर्षांची वॉरंटी असते, तो पुढच्या मशीनलाही कामी येतो. वीज जिथे सारखी येते-जाते तिथे यूपीएस हवाच, आणि तो शुद्ध साइन वेव्हचा असला तर उत्तम. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसवर गेले की मशीन तिथल्या तिथे बंद पडतं.

येणाऱ्या गेमसाठी आज पीसी घेऊ नकोस. जीटीए 5 कन्सोलवर सप्टेंबर 2013 मध्ये आला, पीसीवर एप्रिल 2015 मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन 2 ला पीसीवर यायला एक वर्ष लागलं. जीटीए 6 साठी मशीन जुळवणाऱ्यांना मी हेच सांगतो: गेम पीसीवर येऊ दे, लोक खेळून आकडे सांगू देत, मग घे. तोवर त्याच पैशात अधिक चांगलं कार्ड मिळण्याची शक्यता असते.

सेकंडहँड कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, पण मायनिंगमध्ये राबलेली कार्डं अजून फिरत आहेत. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमचं मायनिंग संपलं आणि ती ढिगाने बाजारात आली. विकणाऱ्याच्या घरी जा, अर्धा तास जड गेम चालवून बघ, तापमान आणि पंख्यांचा आवाज बघ. मूळ बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळला पाहिजे. ‘बिल हरवलं’ म्हणाला तर नमस्कार करून निघ. परदेशातून आणलेलं कार्ड असेल तर त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे कंपनीला आधी विचार.

आता तुझ्या मशीनबद्दल. रायझन 5 2600, बी450 बोर्ड, 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1660 सुपर आणि 144 हर्ट्झचा 1080 मॉनिटर. तू खेळतेस व्हॅलोरंट आणि सायबरपंक. परीक्षेत 720 वर आणूनही एफपीएस हलला नाही, म्हणजे प्रोसेसर अडतोय. यंदा रायझन 5 5600 घे, त्याच बोर्डावर बसेल. दोन्ही 65 वॅटचे आहेत, त्यामुळे कूलरही तोच चालेल. 5700एक्स3डी रास्त भावात मिळाला तर त्याहून चांगलं. जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट कर, आणि यूपीएसवर कर. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घे, प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागतं. कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ दे आणि कूलर हलकेच पिळत उचल. सरळ ओढलास तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

कार्ड यंदा नको. पुढच्या वर्षी घेशील तेव्हा 16 जीबीचंच घे. तुझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस 3.0 चा आहे, म्हणून आठ लेनच्या आरटीएक्स 5060 टीआयपेक्षा सोळा लेनचं आरएक्स 9060 एक्सटी तुला जास्त मानवेल. त्याला साधारण 160 वॅट लागतात, म्हणजे एसएमपीएसही बदलावा लागणार नाही. बोर्ड आणि रॅमला हात लावू नकोस. बिल जीएसटीसकट तुझ्या नावावर घे, त्यावर सीरियल नंबर लिहून घे, आणि कूलरचा पहिला स्क्रू काढण्याआधी मला फोन कर.