गारा साडीचे भरतकाम : चीनपासून मुंबईपर्यंत



आपल्या भागातील तांड्यांवर वडीलधाऱ्या बायकांची आरसे, कवड्या लावलेली कांचळी तुम्ही पाहिली असेल. मराठीत भरतकाम, हिंदीत कढाई; कला एकच. ती आईकडून मुलीला मिळते. परंतु घरातली ही साखळी तुटली तर? त्यासाठी पारशी समाजाच्या 'गारा' साडीचा अभ्यास करण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करीत. (माल कापूस आणि अफू! इतिहासात हेही वाचावे.) येताना ते गडद जांभळ्या, लाल, काळ्या रेशमावर पांढऱ्या धाग्याने भरलेले कापड आणीत. त्यावर पक्षी, कमळे, शेवंती, चिनी स्त्री-पुरुष व पूल असत. पारशी बायकांनी नक्षीला आपली घरगुती नावे दिली. मोठ्या ठिपक्यांना 'कांदा-पपेटा', म्हणजे कांदा-बटाटा. कोळ्यासारख्या दिसणाऱ्या फुलाला 'करोलिया', म्हणजे कोळी.

हे काम सोपे नाही. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढला की वजन जवळजवळ चौथाईने घटते, मग रंग नीट चढतो. चीनमधील सुचौचे कारागीर तर एका धाग्याचे अनेक पदर वेगळे करून केसाहून बारीक धाग्याने भरतात. गाऱ्यावर बारीक गाठींचा 'खाखा' टाका असतो. त्याने डोळ्यांची परीक्षाच होते.

विसाव्या शतकात हे कापड येणे थांबले, आणि जुन्या साड्या पेटीत राहिल्या. साडी जपली जाते, हात जपला जात नाही, हे आम्हास महत्त्वाचे वाटते. 1999 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने 'पारझोर' प्रकल्प सुरू झाला. त्याच्या प्रमुख डॉ. शेरनाज कामा या दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजमध्ये प्राध्यापिका होत्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेले अशदीन लिलाओवाला या प्रकल्पासाठी इराण व चीनमध्ये जाऊन भरतकामाचा शोध घेऊन आले. कारागिरांना हे टाके पुन्हा शिकविण्याचे वर्गही झाले. चीनमध्येही हीच वाट दिसते: हांगचौ येथे 1897 मध्ये निघालेली रेशीम-शाळा आज विद्यापीठ आहे.

आठवी-नववीच्या मुलामुलींनी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरातील किंवा तांड्यावरील एका आजीजवळ बसून एक टाका शिकावा. वहीत त्याचे चित्र काढावे. खाली आजी त्याला जे नाव सांगेल तेच लिहावे, लमाणी असो, कन्नड असो की मराठी.