रिमोटवाल्या भाचीसाठी मामाचा कानमंत्र

भाचीबाई, टीडीए ७२९४चा ॲम्प्लिफायर घरी जोडलास, वाजलाही छान, आणि आता म्हणे त्याला रिमोट हवा! सोफ्यावरून उठायचा कंटाळा, दुसरं काय. असू दे, आळशाच्या हाती सोल्डरिंग आयर्न आलं की घराची सोयच होते. प्रोग्राम तू माझ्यापेक्षा बरा लिहिशील, त्यात मी नाक खुपसत नाही. आजूबाजूचं तेवढं ऐक.

१. गाण्याला आर्डुइनो नॅनोच्या वाटेला जाऊ देऊ नकोस, नॅनोनं फक्त मोटरवाला व्हॉल्यूम फिरवायचा — तो रुसला तरी हातानं नॉब फिरवून गाणी ऐकता येतात.

२. मोटर थेट पिनला जोडायची नाही, मध्ये एल२९३डी घाल — पिन सोसते जास्तीत जास्त ४० मिलिॲम्पिअर, मोटर त्याहून जास्त ओढते. हा आयसी स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो बरं का, तेव्हा ५ व्होल्टच्या मोटरसाठी त्याला ७ दे.

३. इनपुट बदलणाऱ्या प्रत्येक रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड — १एन४००७ दोन-चार रुपयांत येतो, आणि कॉइलचा झटका रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचू देत नाही.

४. आता हे नीट ऐक, बाकी विसरलीस तरी चालेल. ७२९४ची नववी पिन स्टँडबायची, दहावी म्यूटची. त्यांना हुकूम देणाऱ्या नॅनोच्या दोन्ही पिनांवरून १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला टाक — नॅनो जागा होईपर्यंत त्याच्या पिना अधांतरी असतात, आणि तेवढ्यात ॲम्प्लिफायरनं तोंड उघडायला नको. तयार बोर्डावर या पिना पॉझिटिव्हला जोडलेल्या असतील तर तो जोड आधी तोड. चालू करताना आधी स्टँडबाय सोडायचा, क्षणभरानं म्यूट. बंद करताना आधी म्यूट, मग स्टँडबाय — नाहीतर स्पीकर धाडकन वाजतो आणि आजी जपमाळ टाकून उठते. आधी गप्प, मग गाणं.

५. रिमोटचा इशारा झेलणाऱ्या टीएसओपी १७३८च्या सप्लायमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, आणि सेन्सरच्या अगदी पायाशी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर — सप्लाय अस्वच्छ असला की त्याला न दाबलेली बटणं दिसू लागतात. त्याचं तोंड सीएफएलकडे नको — त्या दिव्याचा चोकही या सेन्सरच्या ३८ किलोहर्ट्झच्या आसपासच लुकलुकतो.

६. एनईसी पद्धतीच्या रिमोटचं बटण धरून ठेवलं की पूर्ण कोड एकदाच येतो, मग दर ११० मिलिसेकंदांनी नुसता ‘तेच पुन्हा’ असा इशारा. व्हॉल्यूमसाठी तो मान. पॉवर आणि इनपुटसाठी कानाआड कर — तुझं बोट जरा रेंगाळलं की चालू-बंद-चालू असा खेळ सुरू होतो. २०० मिलिसेकंद इशारा आला नाही तर मोटर थांबव.

७. शेवटचं इनपुट ईईप्रॉममध्ये लगेच लिहू नकोस, बटणं थांबल्यावर ५ सेकंदांनी लिही — एका जागी लाखभर वेळा लिहायचीच हमी असते, आणि तुझा धाकटा भाऊ बटणांशी कसा खेळतो ते मला ठाऊक आहे.

८. नॅनो, रिले, डिस्प्ले यांना वेगळा सप्लाय; दोन्ही ग्राउंड मोठ्या कपॅसिटरपाशी एकाच जागी जोड — नाहीतर डिस्प्लेची लुकलुक स्पीकरमधून रातकिड्यासारखी किरकिरते. ग्राउंडच्या वाटा दोन, गुणगुण चौपट! वाटलं तर डिस्प्ले काही सेकंदांनी विझवून टाक, रात्रभर कोण बघतंय त्याच्याकडे.

९. ७२९४ आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला बुश, मग मल्टिमीटरनं तपास — या आयसीची पाठ निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते, कॅबिनेटला टेकली तर संपलंच.

१०. पहिल्यांदा चालू करशील ते सिरीज बल्ब लावून — बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच प्लग काढ. त्यानंतरही आत हात घालायची घाई नको, मोठे कपॅसिटर भरलेले असतात. चाचणीला तुझे नवे स्पीकर लावू नकोस. आमच्या माळ्यावर एक जुना पडलाय, रविवारी येऊन घेऊन जा.